ताण आणि कामगिरीवर प्रबंध करताय? रबाळ्याच्या गेटवर जाण्याआधी हे वाचा

दर वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, कंपनीच मिळत नाहीये." "ताई, साठ फॉर्म भरून आले, पण सगळ्यांची उत्तरं सारखीच." "ताई, गाइड म्हणतात अल्फा कमी आलाय, आता काय करू?" (अल्फा म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा.) प्रत्येकीला तासभर समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

मी कळव्याची. एम.ए.ला औद्योगिक मानसशास्त्र घेतलं आणि कामाचा ताण व कामगिरी या विषयावर प्रबंध केला. त्यासाठी नवी मुंबईतल्या रबाळे आणि महापे इथल्या दोन कारखान्यांत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. पहिल्या खेपेला जमवलेली सगळी माहिती फेकून द्यावी लागली, ती का ते पुढे येईलच. नंतर एचआरमध्ये नोकरी लागली आणि टेबलाच्या पलीकडची बाजूही दिसली. विद्यार्थ्यांची पत्रं कुठल्या ट्रेमध्ये जाऊन पडतात, हे आता मला ठाऊक आहे.

१. विषय चिमटीत मावेल एवढा करा

'नवी मुंबईतील कर्मचाऱ्यांची भरती, ताण आणि कार्यक्षमता: एक अभ्यास' हे शीर्षक दिसायला भारदस्त, पण त्यात तीन प्रबंध दडलेत. तुमच्याकडे एक वर्ष आहे, त्यातही परीक्षा आणि सबमिशनं. एकच प्रश्न धरा. उदाहरणार्थ: ज्या ऑपरेटरला स्वतःच्या कामाचा वेग आणि क्रम ठरवता येत नाही, त्याला ताण जास्त जाणवतो का? बस्स, एवढंच.

भरतीवर काम करायचं असेल तर एक खड्डा आधीच दाखवते. 'मुलाखतीत जास्त गुण मिळालेले लोक पुढे कामही चांगलं करतात का' हा प्रश्न सोपा वाटतो. पण कंपनी तुम्हाला फक्त निवडलेल्यांची यादी देणार. नापास झालेले कुठे काम करतात आणि कसं करतात, कुणालाच माहीत नाही. पोलीस भरतीत उंचीची अट पार केलेल्यांमध्येच उंचीचा आणि धावण्याचा संबंध शोधण्यासारखं हे. सगळे उंचच, त्यामुळे संबंध मुळात असला तरी पुसट दिसतो. तुमचा आकडा छोटा आला म्हणून 'मुलाखतींचा काही उपयोग नाही' असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका.

२. आधीचं संशोधन वाचा, तेही मूळ

नोट्समधून नोट्स उतरवत आलेल्या पिढ्यांमुळे आपल्याकडे काही गैरसमज पक्के बसलेत. सगळ्यात मोठा म्हणजे उलट्या 'यू'चा आलेख: थोडा ताण चांगला, जास्त वाईट. त्याखाली हटकून लिहिलेलं असतं 'यर्क्स आणि डॉडसन, १९०८'. या दोघांनी अभ्यास केला होता उंदरांचा. विजेचा झटका किती तीव्र असला की उंदीर उजळ आणि अंधारी पेटी ओळखायला लवकर शिकतो, एवढाच तो प्रयोग. त्यात ना ऑफिस होतं, ना टार्गेट. हा आलेख प्रबंधात लावाच, पण माणसांवर सिद्ध झालेला नियम म्हणून लावू नका. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न यावरच विचारला होता.

कारखान्यात जास्त उपयोगी पडतं ते रॉबर्ट कॅरासेक यांचं १९७९ चं मॉडेल. कामाचा रेटा जास्त आणि कामावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी सगळ्यात जाचक, असं ते सांगतं. लाइनवर उभं राहून पाहिलंत की हे लगेच पटतं. मेंटेनन्सवाल्याची धावपळ जास्त असते, पण आधी कुठलं मशीन उघडायचं हे बऱ्याचदा तो ठरवतो. पॅकिंगच्या पट्ट्यावरची बाई एका जागी उभी असते आणि तिचा वेग पट्टा ठरवतो. पुढे ताणांमध्येही भेद करण्यात आला: आव्हान देणारे आणि अडथळा आणणारे. २००५ मध्ये लेपाइन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आव्हानाच्या ताणाचा कामगिरीशी संबंध सुलटा निघाला आणि अडथळ्यांच्या ताणाचा उलटा. म्हणून 'ताण वाढला की काम घटतं' असं सरसकट गृहीतक मांडू नका.

भरतीवाल्यांसाठी थोडक्यात. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा मांडला आणि बुद्धिमापन चाचण्यांना वरचं स्थान दिलं. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीच आकडेमोड पुन्हा तपासली. वर सांगितलेल्या 'फक्त निवडलेले' या अडचणीसाठी आधी केलेली दुरुस्ती प्रमाणाबाहेर होती, असं त्यांचं म्हणणं. नव्या हिशोबात बुद्धिमापनाचा आकडा (चाचणीचे गुण आणि पुढची कामगिरी किती जुळतात त्याचा; १ म्हणजे पूर्ण जुळणं) ०.५१ वरून ०.३१ वर आला आणि ठरावीक प्रश्नांची, ठरावीक गुणांची मुलाखत ०.४२ सह पहिली आली. जुनी पाठ्यपुस्तकं १९९८ वरच थांबलेली आहेत, तेव्हा सांभाळा.

३. प्रश्नावली निवडा आणि परवानगीचं आधी पाहा

स्वतः प्रश्नावली बनवायच्या भानगडीत पडू नका. ते वेगळं शास्त्र आहे आणि त्यातच वर्ष जातं.

ताणासाठी कोहेन आणि सहकाऱ्यांची 'पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल' (१९८३) सोपी पडते. तिच्या छोट्या आवृत्तीत १० प्रश्न आहेत, मागच्या एका महिन्याबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. शैक्षणिक संशोधनासाठी ती मोफत वापरता येते. पण ती एकंदर आयुष्यातला ताण मोजते, फक्त कामातला नाही. घरी आजारपण असलेल्याचा आकडाही वर जाईल. खास कामाच्या ताणासाठी आपल्याकडे श्रीवास्तव आणि सिंह यांचा 'ऑक्युपेशनल स्ट्रेस इंडेक्स' (१९८१) खूप चालतो. त्यात ४६ विधानं आणि १२ उपघटक आहेत. तो विकत घ्यावा लागतो. कामाने येणारा थकवा मोजणारी 'मॅस्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरी'ही पैसे भरून घ्यायची असते. कुठल्या तरी पीडीएफमधून उचललेली प्रश्नावली वापरलीत आणि परीक्षकांनी परवानगीचा ई-मेल मागितला, तर तोंड लपवायला जागा उरत नाही.

आणि एक लक्षात ठेवा, ही साधनं निदान करत नाहीत. '२७ गुण म्हणजे हा माणूस आजारी' असं कुठेही लिहू नका.

४. मराठी प्रश्न कॅन्टीनमध्ये वाचून बघा

माझ्या पहिल्या मसुद्यात 'भूमिकेतील संदिग्धता' असा शब्द होता. एका ऑपरेटर काकांनी चष्मा वर करून विचारलं, "भूमिका म्हणजे? नाटकातली?" दुसऱ्या एका ठिकाणी 'ताण' हा शब्द वाचून एकाने बेल्टच्या ताणाबद्दल सांगायला सुरुवात केली. ते बरोबरच होतं, त्याचं कामच ते. लोक म्हणतात 'टेन्शन', 'डोक्याला शॉट', 'प्रेशर'. शेवटी संदिग्धतेच्या जागी 'माझ्याकडून नक्की कोणतं काम अपेक्षित आहे, ते मला स्पष्ट सांगितलेलं नसतं' असं वाक्य आलं. लांब झालं, पण कळलं.

रीतसर पद्धत अशी: एकीने मराठीत भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसरीने ते पुन्हा इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही इंग्रजी पानं शेजारी ठेवून फरक शोधायचा. ब्रिसलिन यांच्या १९७० च्या लेखापासून ही रीत रूढ झाली. त्यानंतर १० ते १५ कामगारांसमोर वाचन. हे शेवटचं बहुतेक जणी गाळतात, आणि तिथेच फसतात. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत निम्मे लोक हिंदी बोलणारे असतात, तेव्हा हिंदी प्रतही तयार ठेवा.

५. कंपनी मिळवणं

info@ छापाच्या पत्त्यावर पाठवलेला ई-मेल म्हणजे खाडीत टाकलेला नारळ. ओळख काढा. वर्गातल्या कुणाचे वडील, शेजारचे काका, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, तिथे अजूनही छोटी वर्कशॉप आहेत आणि मालक स्वतः भेटतो. हो किंवा नाही, दहा मिनिटांत कळतं. रबाळे-महापेच्या मोठ्या कंपन्यांत तीन आठवडे धरून चाला.

पत्र एका पानाचं हवं. त्यात चारच गोष्टी: किती माणसं लागतील, प्रत्येकाची किती मिनिटं जातील, कंपनीचं नाव कुठेही येणार नाही, आणि कंपनीला काय मिळेल. पत्रात 'ताण' हा शब्द मोठ्या अक्षरात टाकू नका. खोटं लिहा असं म्हणत नाही मी. 'कामाची परिस्थिती आणि कामगिरी' हेही खरंच आहे. एचआरच्या खुर्चीत बसून सांगते, 'ताण' वाचलं की साहेबांना आधी युनियन आठवते.

वेळ साधा. मार्चअखेर नको. ऑडिटच्या आठवड्यात नको. खंडेनवमीच्या आधीचे दोन-तीन दिवस यंत्रं धुण्यापुसण्यात जातात, तेव्हाही नको. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी बरा.

सोबत न्यायचे कागद:
- विभागप्रमुखांच्या सहीचं, कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र (तीन मूळ प्रती, एक सिक्युरिटी ठेवून घेते)
- कॉलेजचं ओळखपत्र आणि आधारची झेरॉक्स
- नीतिमत्ता समितीची किंवा विभागाची मंजुरी
- प्रश्नावलीचा नमुना
- संमतीपत्र, मराठी आणि हिंदी
- पायात बंद बूट. हा कागद नाही, पण चपलेवर आलेल्या माझ्या मैत्रिणीला शॉपफ्लोअरवर सोडलं नव्हतं.

कंपनी हो म्हणाली की विचारा, कंत्राटी कामगार धरायचे की नाहीत. एचआर जी यादी देतं ती बहुधा कायम कामगारांची असते. कंत्राटी लोकांसाठी ठेकेदाराशीही बोलावं लागतं. माझं मत विचाराल तर ती खटपट करा, कारण 'पुढच्या महिन्यात काम असेल का' हा घोर तिथेच आहे. जमलं नाही तर निदान प्रबंधात स्पष्ट लिहा, की हे फक्त कायम कामगारांबद्दल आहे.

६. कोडची पद्धत: इथे घाई केलीत तर सगळं गेलं

माझी पहिली खेप कशी बुडाली ते सांगते. कंपनीतल्या मॅडम फार मदत करणाऱ्या. म्हणाल्या, "तू कशाला धावपळ करतेस, आमचे सुपरवायझर भरून घेतील." मला आनंदच झाला. आठवड्याने ३८ फॉर्मचा गठ्ठा मिळाला. 'कामाचा कंटाळा येतो का' पासून शेवटच्या प्रश्नापर्यंत एकच खूण: कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. काही फॉर्मवर तर अक्षर आणि पेनही एकच. दोष त्या लोकांचा नव्हता. जो साहेब आपली रजा मंजूर करतो, त्याच्याच हातात 'मला टेन्शन येतं' असं कोण लिहून देईल? गठ्ठा घेऊन मी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परत आले आणि फलाटावर बसून राहिले.

पेच खरा आहे. ताण कामगार स्वतः सांगतो. कामगिरीचे गुण सुपरवायझर देतो. दोन्ही जुळवायचे तर कोण कोण हे तुम्हाला माहीत हवं. आणि माणूस खरं तेव्हाच लिहितो, जेव्हा आपलं नाव त्या कागदावर नाही याची त्याला खात्री असते. नाव न घेता दोन्हीही कामगारालाच विचारायचं, असा सोपा मार्ग पुष्कळ जणी काढतात. मग एकाच माणसाच्या एकाच मूडमधून दोन्ही आकडे येतात आणि संबंध फुगून दिसतो. परीक्षक हे लगेच पकडतात.

मी नंतर केलं ते असं:

अ) घरी बसून नाव आणि कोड यांची एक यादी केली. कोड उलटसुलट, म्हणजे ७३, १९, ४४. टोकन नंबर कधीही वापरू नका. तो टाइम ऑफिसमधल्या प्रत्येकाला पाठ असतो.

आ) कामगाराच्या फॉर्मवर फक्त कोड. फॉर्म लिफाफ्यात, लिफाफा त्यानेच चिकटवायचा आणि माझ्या पिशवीत टाकायचा. पिशवी माझ्या खांद्यावर. टेबलावर नाही, एचआरच्या केबिनमध्ये तर नाहीच.

इ) सुपरवायझरच्या पत्रकावर वर नावाची पट्टी, खाली गुण. तिथे कोड नाही. पत्रक माझ्या हातात आलं की मागच्या बाजूला कोड लिहायचा आणि पट्टी फाडायची. म्हणजे सुपरवायझरला कोड कळत नाही आणि गठ्ठ्यात नाव राहत नाही.

ई) यादी लॅपटॉपवर नाही. कागदावर, घरी, कपाटात.

अजून एक चोरवाट राहते. फॉर्मच्या पहिल्या पानावर आपण वय, लिंग, विभाग, शिक्षण, नोकरीची वर्षं, सगळं हौसेने विचारतो. पॅकिंगमध्ये पंचेचाळिशीच्या पुढची, बारावी झालेली बाई एकच असते. नाव न लिहिताही ती ओळखू येते, आणि हे तिला तुमच्या आधी कळतं. विश्लेषणात जे वापरणार तेवढंच विचारा, वयाचे गट मोठे ठेवा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांचे कायदा विभागही हेच विचारायला लागलेत: नावं कुठे ठेवणार, कधी नष्ट करणार. वरच्या चार मुद्द्यांचं एक पान तयार असलं की तिथे अडत नाही. संमतीपत्रावर 'मी कधीही थांबू शकतो' हे वाक्य आणि खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापा. प्रश्न वाचताना एखाद्याला काही उमाळून येतं, तेव्हा आपण समुपदेशक नाही हे लक्षात ठेवून हातात द्यायला तेवढं तरी असावं.

७. फॉर्म भरून घेण्याचा दिवस

शिफ्ट सुटताना गाठू नका, बस निघायची असते. जेवणाच्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटंही नको. ट्रेनिंग रूम मिळाली तर १०-१२ जणांचे गट करा आणि सुपरवायझरला नम्रपणे बाहेर बसवा. "सर, तुमचं पत्रक वेगळं आहे, ते निवांत भरा," एवढं पुरतं. वाचायला अडणाऱ्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. "चष्मा आणला नसेल तर मी वाचून दाखवते," असं म्हणा. बरेच चष्मे त्या दिवशी घरी राहिलेले असतात.

८. कामगिरीचे गुण

सुपरवायझर एका बैठकीत वीस जणांना गुण देतो आणि ज्याच्यावर त्याची मर्जी, त्याला वक्तशीरपणा, दर्जा, सहकार्य, सगळ्यातच चार. थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या गुणांत हेच दाखवलं होतं. उपाय साधा आहे: एका माणसाचे सगळे मुद्दे न घेता, एका मुद्द्यावर सगळी माणसं घ्या. आधी वीस जणांचा वक्तशीरपणा, मग वीस जणांचा दर्जा. शिवाय हजेरी आणि रिजेक्शनचे (नाकारलेल्या मालाचे) आकडे मिळाले तर मागून घ्या. मात्र जुन्या मशीनवरच्या माणसाचं रिजेक्शन जास्त असणारच, ते त्याच्या माथी मारू नका.

९. नोंदणी आणि विश्लेषण

किती माणसं? सगळे क्रेजी-मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता चिकटवतात: ४०० पैकी १९६. तो तक्ता टक्केवारीचा अंदाज काढण्यासाठी आहे, सहसंबंधासाठी, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते पाहण्यासाठी, नाही. ०.३० च्या आसपासचा सहसंबंध पकडायचा असेल तर सुमारे ८५ माणसं पुरतात, ०.२० चा असेल तर जवळपास १९५. या क्षेत्रात ०.३० म्हणजे बराच आकडा. नोकरीतलं समाधान आणि कामगिरी यांचा संबंध जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शेकडो नमुन्यांवरून काढला, तोही एवढाच आला. तेव्हा ०.७ आला तर पेढे वाटू नका, आधी नोंदणी तपासा.

आणि अल्फा. माझा पहिल्यांदा ०.४१ आला होता, निदान ०.७० हवा असतो. दोन रात्री झोप नाही. कारण निघालं ते असं: 'पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल'च्या त्या दहा प्रश्नांत ४, ५, ७ आणि ८ हे उलट्या अर्थाचे आहेत, त्यांचे गुण उलटवायचे असतात. मी ते केलंच नव्हतं. उलटवल्यावर आकडा जागेवर आला. म्हणून गाइडना फोन करण्याआधी हे बघा.

जामोवी हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एम.ए.ला पुरून उरतं. चोरून घेतलेलं एसपीएसएस लॅपटॉपसकट रडवतं.

एकदाच घेतलेल्या माहितीवरून 'ताणामुळे कामगिरी घसरली' असं लिहू नका. कामगिरी घसरली म्हणून बोलणी बसली आणि त्याचा ताण आला, असंही असू शकतं.

१०. अहवाल द्यायचा, यादी नाही

काम संपल्यावर कंपनीला दोन पानं द्या, आणि तेवढंच एक साधं मराठी पान कॅन्टीनच्या फळ्यावर लावायची परवानगी मागा. दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचे आकडे वेगळे दाखवू नका. कुणीतरी हमखास गोड आवाजात विचारेल, "तसं आपल्यातच, पण जास्त ताण कुणाकुणाला निघाला?" मलाही विचारलं होतं. "सर, संमतीपत्रावर कॉलेजचा शिक्का आहे," असं म्हणून मी चहा संपवला. चिडले थोडे. पण पुढच्या वर्षी त्यांनीच माझ्या ज्युनियरला आत घेतलं.

तोंडी परीक्षा होईपर्यंत कोडची यादी जपून ठेवा, कारण परीक्षक एखादी नोंद तपासायला सांगू शकतात. ती झाली की नष्ट करा. मी माझी यादी रबाळ्याला नेऊन पहिल्या शिफ्टच्या चहाच्या वेळी कॅन्टीनमध्येच फाडली. 'नाटकातली भूमिका' विचारणाऱ्या काकांनी तुकडे गोळा करून उष्ट्या चहाच्या ग्लासात बुडवले आणि ग्लास स्वतः विसळायला घेऊन गेले.